फक्त तारेपाशी

मटार सोलतं. शर्टाची बटणं लावतं.
वीस पेन्सचं सप्तकोनी नाणं
खिशातल्या खिशात, नुसत्या कडांवरून ओळखतं.
सुईत दोरा ओवताना मध्ये मध्ये करत नाही.

फक्त तारेपाशी आलं
की आत वळतं,
तळहातात जाऊन बसतं,
पाहुणे आले की पडद्यामागे पळणाऱ्या पोरासारखं.
मी ओढून काढते. ते परत आत.

अ‍ॅबरिस्टविथला नोव्हेंबरात चारलाच दिवे लागतात.
वादळात समुद्र रस्त्यावर गोटे फेकतो,
सकाळी नगरपालिकेची गाडी येते
आणि ते निमूट परत किनाऱ्यावर ओतते.
मी खिडकीत. मांडीवर गिटार, डावा पाय पाटावर,
म्हणजे खराच पाट, सांगलीहून आणलेला,
पितळी फुल्या असलेला. मेट्रोनोम चाळीसवर.
अंगठा, अनामिका, मध्यमा, तर्जनी.
अंगठा,          मध्यमा, तर्जनी.
हा ट्रेमोलो बावीस वर्षं झोपेतही वाजला असता.
आता जिन्याची एक पायरी गेलीय
आणि मी रोज नेमका तिच्यावरच पाय देते.

कार्डिफच्या डॉक्टर अडेयेमी म्हणाल्या,
हात चांगला आहे, नसा चांगल्या आहेत.
मेंदूतल्या नकाशात दोन गावांची शीव पुसली गेलीय.
एकाला हाक मारली की दोन्ही ओ देतात.
शीव हा शब्द माझा.
त्यांनी पडद्यावर नुसते दोन रंग दाखवले,
एकमेकांत गळलेले.

श्रूजबरीला गाडी बदलताना गजूमामा आठवला.
सांगलीच्या कोर्टात नक्कलनवीस.
अक्षर असं की वकील कागद उजेडाला धरून बघायचे.
एके दिवशी पेन धरलं आणि मनगट फिरलं.
घास मोडायला हात ठीक, पत्ते पिसायला ठीक,
म्हणून सगळ्यांनी ठरवलं, कामचुकारपणा.
मामीनं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली,
साहेबांनी पगार कापला.
मी नऊ वर्षांची.
त्याच्या डाव्या हातानं काढलेल्या ‘क’ला
मी खेकडा म्हटलं होतं, सगळ्यांसमोर,
आणि सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला होता.

एकदा पातळ रबरी हातमोजा घालून पाहिला
आणि बोट फसलं!
आवाज भिजल्या पुठ्ठ्याचा, पण सलग.
अकरा मिनिटं जिना शाबूत.
मी रडलेबिडले नाही, घड्याळाकडे बघत होते.
बाराव्या मिनिटाला त्याला कळलं.

शनिवारी एलुनेड येते शिकायला. आठ वर्षांची,
कोटाला मेंढ्यांचा वास.
माझ्या हाताकडे बघत राहिली, मग विचारलं,
“त्याला थंडी वाजते का?”
हो म्हटलं.
तिनं माझ्या मुठीवर हात ठेवला,
कोंबडीचं पिल्लू धरतात तसा,
आणि म्हणाली, “मग थांबू या. घाई आहे का?”

घाई होती. मार्चमध्ये चॅपलात कार्यक्रम,
पोस्टरवर माझं नाव छापून झालेलं.
मी ट्रेमोलोचा तुकडा काढून टाकला,
उरलेलं सगळं तीन बोटांवर पुन्हा लिहून काढलं,
पेन्सिलीनं, डाव्या हातानं.
उजवा लिहायला ठीक असून.
वर तारीख घातली, ‘कार्यक्रम’ असं लिहिलं.
‘क’ खेकड्यासारखाच आला.

पुढच्या ओळीतलं बरंच उरलंय अजून.
दोन ठिकाणी तर्जनी धापा टाकते,
बघू.

रविवारी नखं घासते, सगळ्यात बारीक कागदानं.
अंगठा, तर्जनी, मध्यमा.
मग त्याचंही.
वाजवणार नाहीये ते, तरी.
कागदापुढे ते सरळ राहतं,
मुकाट,
नख पुढे करून.